औषधाची झोप आणि मुलाची झोप

ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या तपासणीची, तारीख मिळाली की सोबत सूचनांचा एक कागद मिळतो. आदल्या दिवशी डोकं शॅम्पूने धुवा, तेल लावू नका, मुलाला रात्री उशिरा झोपवा आणि पहाटे लवकर उठवा. तेल न लावण्याची सूचना घरातल्या आजीला पटवणं हेच पहिलं काम असतं, कारण न्हाऊन आलेल्या पोरीचं डोकं कोरडं ठेवायचं म्हणजे काय! पण तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोडची पेस्ट धरत नाही आणि सगळी सकाळ वाया जाते. शेवटची सूचना वाचून मात्र काही आया कसनुसं हसतात. त्यांचं मूल तसंही रात्रीचं चार-पाच तासांच्या वर झोपत नाही. त्याला आणखी जागवायचं कसं आणि नेमकं मशीनसमोर झोपवायचं कसं, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

अशी आई ईईजीच्या खोलीत सात वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेली असते. मुलीला अँजेलमन सिंड्रोम आहे. ती बोलत नाही, चालताना झोक जातो, आणि ती हसते, अगदी खळखळून. टेक्निशियन टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजायला लागतो, तर ती टेपच ओढून घेते. तो लाल पेन्सिलीने एक खूण करतो, ती हाताने पुसते. अशा एकवीस जागा शोधायच्या असतात. डोक्याच्या लांबीरुंदीचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग पाडून त्या ठरवतात, म्हणून या मांडणीला टेन-ट्वेंटी पद्धत म्हणतात. १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी ती मांडली आणि अजून जगभर तीच चालते. सातव्या इलेक्ट्रोडपर्यंत पहिले दोन निघून आलेले असतात. "ताई, हिला औषध द्यावं लागेल," टेक्निशियन म्हणतो.

"दिलं की शांत व्हायच्या ऐवजी जास्त धिंगाणा करते हो ही. मागच्या वेळी तसंच झालं."

आईचं हे एक वाक्य फाइलमधल्या बऱ्याच पानांपेक्षा मोलाचं आहे. का, ते समजायला आधी मशीन नेमकं काय ऐकतंय ते पाहायला हवं.

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या आणि पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, त्या प्रसिद्ध केल्या. कवटीवर पोहोचणारा हा विद्युतदाब साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट असतो. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलमध्ये दीड व्होल्ट, म्हणजे पंधरा लाख मायक्रोव्होल्ट असतात. त्या मानाने मेंदूची ही कुजबुजच. मुलाने दात आवळले, मान वळवली, रडलं, हसलं की चेहऱ्याच्या स्नायूंचा विद्युतगोंगाट तिला पार झाकून टाकतो. कागदावर मग मेंदूऐवजी जबड्याचं चित्र उमटतं.

झोप हवी असते ती फक्त शांततेसाठी नव्हे. अपस्माराचे, म्हणजे आपण ज्यांना फिट म्हणतो त्यांचे, पुष्कळ संकेत झोपेतच डोकं वर काढतात. काही मुलांमध्ये तर जागेपणीचा आलेख बराच बरा दिसतो आणि झोप लागताक्षणी स्पाइकची, म्हणजे टोकदार लहरींची, रांग सुरू होते. १९५७ मध्ये लँडो आणि क्लेफनर यांनी वर्णन केलेला आजार तसाच आहे. मूल कमावलेली भाषा हळूहळू हरवत जातं आणि बिघाडाचा पुरावा रात्रीच्या आलेखात सापडतो. तेव्हा बालरोग मेंदूतज्ज्ञ झोपेतला ईईजी मागतात तो हट्ट म्हणून नाही. अडचण अशी, की झोप लागावी म्हणून आपण जे देतो तेही मेंदूवरच काम करतं. पाण्याची चव पाहायची म्हणून त्यात साखर घालावी, तसलाच हा प्रकार.

आपल्याकडच्या दवाखान्यांत या कामासाठी सर्रास वापरतात ते ट्रायक्लोफॉसचं गोड सिरप. ते क्लोरल हायड्रेटचं धाकटं भावंड. क्लोरल हायड्रेट लीबिख यांनी १८३२ मध्ये बनवलं, आणि ऑस्कर लीब्राइख यांनी १८६९ मध्ये झोपेचं औषध म्हणून पुढे आणलं. चवीला इतकं वाईट, की मुलं थुंकून टाकत. ट्रायक्लोफॉस त्या मानाने गिळवतं. शरीरात गेल्यावर दोघांपासून एकच क्रियाशील पदार्थ तयार होतो, ट्रायक्लोरोइथॅनॉल. याचा मोठा गुण असा, की नेहमीच्या मात्रेत ते आलेखात फारशी ढवळाढवळ करत नाही. मिडाझोलॅम किंवा डायझेपामचं तसं नाही. ती दोन्ही बेंझोडायझेपिन गटातली, म्हणजे मुळातच फिट थांबवणारी औषधं. ती दिली की आलेखावर बारीक, वेगवान बीटा लहरींची दाट किनार चढते आणि जे स्पाइक शोधायला आपण आलो तेच दबून जातात. चोर पकडायला जाताना ढोल वाजवत गेल्यासारखं. प्रोपोफॉल शिरेतून देतात. त्याची मात्रा वाढवत नेली तर आलेख तुटक होतो, एक उसळी आणि मग सपाट रेघ. ती रेघ औषधाची असते, आजाराची नव्हे, आणि दोन्हींत गल्लत झाली तर उपचारच चुकतात.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मुलाला लागू आहे. अँजेलमनच्या मुलीपाशी येताच ती एकदम गुंतागुंतीची होते.

हॅरी अँजेलमन हे इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचे बालरोगतज्ज्ञ. तीन वेगवेगळ्या मुलांमध्ये त्यांना एकसारखी लक्षणं दिसत होती, पण तिघांचा आजार एकच आहे हे कागदावर मांडायचं धाडस होत नव्हतं. इटलीत सुट्टीवर असताना व्हेरोनाच्या कास्तेलव्हेक्क्यो संग्रहालयात त्यांनी एक चित्र पाहिलं. हसरा मुलगा, हातात कागदावर काढलेलं बाहुलं. चित्रकार जोव्हान्नी फ्रान्चेस्को कारोतो. त्यावरून त्यांनी १९६५ च्या लेखाला "पपेट चिल्ड्रन" असं नाव दिलं. पुढे "हॅपी पपेट" हा शब्द रूढ झाला. पालकांना तो बोचायचा, आणि बोचणारच. आपल्या लेकराला कळसूत्री बाहुली म्हटलेलं कोणाला आवडेल? १९८२ मध्ये चार्ल्स विल्यम्स आणि हाइमे फ्रियास यांनी अँजेलमन यांचंच नाव वापरावं असं सुचवलं.

साधारण १२ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला हा आजार असतो. मूळ बिघाड पंधराव्या गुणसूत्रावर, यूबीई३ए नावाच्या जनुकात. त्याचा पुरावा १९९७ मध्ये मिळाला. मेंदूच्या पेशींत या जनुकाची फक्त आईकडून आलेली प्रत चालते, वडिलांकडची मुकी असते. त्यामुळे आईकडची प्रत गेली की बदली खेळाडू उरत नाही. सुमारे ७० टक्के मुलांमध्ये फक्त हे एक जनुक नव्हे, गुणसूत्राचा तो अख्खा तुकडाच गळालेला असतो. आणि त्याच तुकड्यावर, यूबीई३एच्या शेजारी, आणखी तीन जनुकं बसलेली आहेत: गाबा-ए रिसेप्टरचे बीटा-३, अल्फा-५ आणि गॅमा-३ हे भाग बनवणारी.

गाबा हा मेंदूचा ब्रेक. पेशींची बडबड थांबवणारा हा रासायनिक निरोप ज्या कुलपात शिरतो ते गाबा-ए रिसेप्टर. पाच तुकडे गोलाकार जोडून ते तयार होतं; सहसा दोन अल्फा, दोन बीटा, एक गॅमा. गुंगीच्या बहुतेक औषधांच्या चाव्या याच कुलपात फिरतात. बेंझोडायझेपिन अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात बसतं, प्रोपोफॉलला बीटा लागतो. झुरिकच्या संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांच्या बीटा-३ भागातलं एकच अमिनो आम्ल बदलून दाखवलं. त्या उंदरांना प्रोपोफॉलने नीट भूल चढेना. अँजेलमनच्या मुलांत या तीन जनुकांची एक प्रत नसते, दुसरी शाबूत असते. म्हणजे कुलूप आहे, पण सगळीकडे नेहमीच्या संख्येने किंवा नेहमीच्या घडणीचं असेलच असं नाही. मागच्या वेळी औषधाने मुलगी उलट चेकाळली, हे आईचं निरीक्षण म्हणून हसण्यावारी नेऊ नये. बेंझोडायझेपिनने उलटा परिणाम निरोगी मुलांतही कधीकधी होतो. इथे शंका घ्यायला आणखी एक जागा आहे, इतकंच. अशा पुष्कळ मुलांना नेहमीच्याच औषधांनी सुरळीत भूल दिल्याच्या नोंदी आहेत, म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र ठरलेली मात्रा वजनाने गुणून मोकळं होण्यासारखं हे काम नाही. थोडं द्यायचं, थांबायचं, पाहायचं.

याच आजाराच्या आलेखाला स्वतःचा चेहरा आहे. लंडनमध्ये स्ट्युअर्ट बॉइड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तो बारकाईने मांडला: सेकंदाला दोन-तीनच्या संथ, प्रचंड उंच डेल्टा लहरी, २०० ते ५०० मायक्रोव्होल्टच्या, मेंदूच्या पुढच्या भागात जास्त, आणि कधी त्यांच्या उतारावर खाच पडल्यासारखी. सरावलेला डोळा ही खाच पाहून जनुकीय तपासणीच्या आधीच आजार ओळखू शकतो. हल्ली या डेल्टा लहरींना नवं महत्त्व आलंय. यूबीई३एची वडिलांकडची मुकी प्रत बोलती करण्याच्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत, आणि औषध मेंदूपर्यंत पोहोचतंय का हे मोजायला डेल्टाची ताकद हा एक निकष म्हणून पाहिला जातो. आता झोपेतही डेल्टा वाढतो, खोल भुलेतही वाढतो. मग मोजणार काय? म्हणून अशा मोजमापाला औषधाविना, मूल जागं असताना केलेली नोंद सोन्याची.

मला या सगळ्यात सर्वांत नवलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. पंधराव्या गुणसूत्राचा हाच तुकडा काही मुलांत गळत नाही, उलट जादा येतो. त्या आजाराला डुप-१५क्यू म्हणतात. गाबा-ए रिसेप्टरच्या त्याच तीन जनुकांच्या प्रती तिथे जास्त. आणि त्या मुलांच्या आलेखात काय दिसतं? बीटा लहरींची दाट किनार, हुबेहूब बेंझोडायझेपिन घेतल्यासारखी, औषधाचा थेंबही पोटात नसताना. समजा, निदान न झालेल्या अशा मुलाला ईईजीआधी मिडाझोलॅम दिलं. अहवाल लिहिणारा ती किनार औषधाच्या खात्यावर टाकून मोकळा होईल, आणि आजाराची सही डोळ्यांसमोर असून वाचली जाणार नाही.

मग गाबाच्या कुलपाला हातच न लावणारं काही नाही का? आहे. डेक्समेडेटोमिडिन हे औषध मेंदूच्या देठातलं जागेपणाचं केंद्र शांत करतं आणि जी झोप येते ती नैसर्गिक झोपेच्या दुसऱ्या पायरीशी बरीच मिळतीजुळती असते. सुई लागत नाही. दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला की चालतं. आलेखात ढवळाढवळ कमी, श्वासही सहसा दबत नाही. ऐकायला अगदी हवं तसं. पण ते नाडी मंदावतं. आणि अँजेलमनच्या काही मुलांत मुळातच हृदय मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर जास्त असतो, भुलेत हृदयाचे ठोके अचानक कमी झाल्याच्या नोंदी आहेत. एका मुलाचे ठोके तर खळखळून हसताना काही क्षण थांबल्याचं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं आहे. म्हणजे आलेखाला सोयीचं औषध हृदयाला गैरसोयीचं. ते द्यायचं असेल तर ईसीजीच्या तारा लावलेल्या, ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं आणि भूलतज्ज्ञ खोलीत, कँटीनमध्ये नव्हे.

औषधाइतकीच उपासाची गोष्ट महत्त्वाची, आणि ती फार सहज उरकली जाते. गुंगीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून नियम आहे: पाण्यासारखं पातळ दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार, हलकं खाणं सहा. निरोगी मूल सहा तास रडेल, इतकंच. मायटोकॉन्ड्रियाचा आजार असलेल्या मुलाच्या पेशींना ऊर्जेची आधीच चणचण. त्याला उपाशी ठेवलं तर रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढतं आणि कधी सगळी घडीच विस्कटते. त्याचा नंबर सकाळी पहिला लावायचा आणि उपास लांबणार असेल तर ग्लुकोजचं सलाइन सुरू करायचं. तेही रिंगर लॅक्टेट नव्हे, कारण त्यात लॅक्टेट असतंच.

ग्लुट-१ कमतरतेत याच्या उलट. डॅरिल डी व्हिव्हो यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात रक्तातली साखर मेंदूत नेणारं वाहन अपुरं असतं. रक्तात साखर भरपूर, मेंदू उपाशी. अशा लहान मुलाचा उपाशीपोटीचा आलेख बिघडलेला आणि जेवणानंतरचा त्याच दिवशी सुधारलेला दिसू शकतो, त्यामुळे कागदावर जेवणाची वेळ लिहिलेली नसेल तर आलेख अर्धाच वाचता येतो. उपचार कीटोजेनिक आहाराचा, म्हणजे तूप-तेल भरपूर आणि कर्बोदकं जवळजवळ नाहीत, जेणेकरून मेंदूला साखरेऐवजी कीटोनवर जगता यावं. महिनोन्‌महिने वाटी-चमचा तोलून पाळलेला हा आहार साखरेच्या पाकातल्या औषधाने आणि सवयीने लावलेल्या ग्लुकोजच्या बाटलीने एका सकाळीत मोडतो. त्यात बार्बिच्युरेट गटातली औषधं त्या अपुऱ्या वाहनालाच आणखी अडवतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. एका मुलाला ग्लुकोज हवंच, दुसऱ्याला नकोच, आणि दोघांच्या केसपेपरवर वरवर एकच मजकूर: फिट्स, विकास मंद.

कधी तर झोपवणं हीच चूक असते. रेट सिंड्रोमच्या मुलींमध्ये (आंद्रेआस रेट, व्हिएन्ना, १९६६, जनुक एमईसीपी२, १९९९ मध्ये सापडलं) जागेपणी श्वास वेडावाकडा चालतो. धाप लागल्यासारखे भराभर श्वास, मग एकदम थांबलेला श्वास, टक लावून पाहणं, अंग ताठ होणं. घरच्यांना ती फिट वाटते. पुष्कळदा ती फिट नसतेच, आणि हे ठरवायचा मार्ग एकच: मुलगी जागी, कॅमेरा चालू, तारा लावलेल्या, आणि तो प्रसंग घडेपर्यंत वाट पाहायची. तिला सिरप पाजून झोपवलं तर प्रश्नच पुसला जातो. शिवाय या मुलींना गुंगी थोडक्यात चढते आणि उतरायला वेळ घेते. काहींच्या ईसीजीत हृदयाच्या लयीचा धोका सांगणारं क्यूटी अंतर लांबलेलं असतं, तेही आधी पाहून घ्यावं लागतं.

ईईजी संपला म्हणजे औषध संपलं असं नाही. ट्रायक्लोरोइथॅनॉल शरीरातून निम्मं कमी व्हायलाच कित्येक तास लागतात. दुपारी सुट्टी मिळते, आई मुलाला खांद्यावर टाकून रिक्षात बसते, खड्ड्यांतून रिक्षा निघते आणि सैल मान पुढे झुकते. मानेचे स्नायू मुळात अशक्त असलेल्या मुलाची हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दुमडते, आणि हे घडतं अगदी नि:शब्द. मूल शांत झोपलंय असंच वाटतं. मूल पूर्ण जागं होऊन, पाणी पिऊन, नेहमीइतकं डोकं सावरायला लागेपर्यंत सोडू नये, हा नियम त्यासाठी. औषध घरूनच पाजून या, असा सल्ला अजूनही कुठेकुठे दिला जातो. तो देणाऱ्याने एकदा तरी त्या रिक्षातून यावं.

औषधाशिवायची वाट लांबची आहे, पण ती बंद नाही. मेलाटोनिन हे शरीरातलंच संप्रेरक. ते आलेखाला जवळजवळ हात लावत नाही. मात्र ते झोपेचं दार उघडून देतं, आत ढकलत नाही. खोली उजेडाची, बाहेर नंबर पुकारताहेत, एसीचा गारठा, अशा ठिकाणी त्याचा निभाव लागत नाही. त्यामुळे ईईजीची वेळ दवाखान्याच्या सोयीने नव्हे, मुलाच्या डुलकीच्या वेळी लावावी लागते. काही पालक आठवडाभर आधीपासून तयारी करतात: रोज संध्याकाळी डोक्यावर ओल्या कापसाचे बोळे टेकवायचे, पाच, मग दहा, मग कानटोपी, एका वेळी दोन मिनिटं. अँजेलमनच्या मुलांना पाण्याचं विलक्षण वेड असतं. पाणी भरलेली प्लास्टिकची बंद पिशवी हातात दिली, की दोन्ही हात तिथे गुंततात आणि तारा वाचतात. हे कुठल्या पाठ्यपुस्तकातून येत नाही, ते आयांच्या हातातून येतं.

त्या मुलीची आई टेक्निशियनला म्हणते, "दिवा घालवा ना जरा, आणि मला तिच्यापाशी आडवं होऊ द्या." तो घड्याळाकडे पाहतो. बाहेर सहा जण थांबलेत. मग दिवा मालवतो, पडदा ओढतो आणि डोक्याला गुंडाळायचा क्रेप बँडेजचा रोल घेऊन स्टुलावर बसतो. चाळीस मिनिटं काही होत नाही. मग मुलीच्या हातातली पाण्याची पिशवी सैल पडते. तो उरलेले इलेक्ट्रोड एकेक करून लावतो, अंधारात, बोटांनी खुणा चाचपत. मध्येच ती कूस बदलते, दोन निघतात, तो परत लावतो. बावीस मिनिटांची नोंद मिळते. नेहमीपेक्षा कमीच. फॉर्मवर तो लिहितो: शेवटचं खाणं ९.१०, वरणभात. झोप १२.५५, आईच्या कुशीत. आणि "गुंगीचं औषध" या रकान्यात एक आडवी रेघ मारतो.